मावशी आली की शाळा भरते

अंगणवाडीचं कुलूप उघडणारी बाई बहुतेक ठिकाणी शिक्षिका नसते. ती असते मदतनीस. मुलं तिला मावशी म्हणतात, कागदावर तिला 'अंगणवाडी मदतनीस' म्हणतात, आणि गावात कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगते, "मी अंगणवाडीत असते." काय करते, हे सांगायला बसलं तर दुपार होईल, म्हणून एवढ्यावरच थांबते. तिचं काम नेमकं काय आणि ते कसं चालतं, हे इथं सावकाश बघू. जागा पुणे-सोलापूर महामार्गावरच्या पाटससारख्या गावाची धरू. एका अंगाला ऊस, जवळच भीमा सहकारी साखर कारखाना, तालुक्याचं ठिकाण दौंड, थोड्या अंतरावर कुरकुंभची एमआयडीसी आणि भोवती विखुरलेल्या वाड्यावस्त्या.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. शिक्षकाच्या हाताखाली वर्गात काम करणारा सहायक, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेत 'टीचिंग असिस्टंट' म्हणतात तो, आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नेमलेलाच नसतो. 'शिक्षणसेवक' हे नाव ऐकून अनेकांना तो सहायक वाटतो, पण तो पूर्ण वर्ग सांभाळणारा शिक्षकच असतो. सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर, इतकाच फरक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणून वस्तीवरच्या शाळेत दोन गुरुजी चार इयत्ता ओढतात आणि मदतीला चौथीतली दोन हुशार पोरं घेतात. ही पद्धतही आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. अशीच एक शाळा पाहून अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात 'मॉनिटर' पद्धत बसवली आणि ती विलायतेला नेली. आपला वर्गातला मॉनिटर असा समुद्र ओलांडून परत आलेला आहे.

पण एका खोलीत दोन मोठी माणसं, एक शिकवणारी आणि एक मदत करणारी, अशी सरकारी रचना आपल्याकडे पाहायची असेल तर अंगणवाडीतच जावं लागतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून ही जोडी आहे: एक सेविका, जिला मुलं ताई म्हणतात, आणि एक मदतनीस. आज महाराष्ट्रात १ लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मदतनिसाची कामं थोडक्यात दिली आहेत. खाऊ शिजवणं आणि वाढणं, जागा झाडणं आणि पाणी भरणं, लहान मुलांची स्वच्छता राखणं, गावातून मुलांना गोळा करून आणणं. 'शिकवणं' हा शब्द त्यात कुठेही नाही. आता या चार कामांचा एकेक दिवस उलगडून बघितला, की तो शब्द किती ठिकाणी लपलेला आहे ते दिसतं.

सकाळी कुलूप काढल्यावर मावशी लगेच झाडायला घेत नाही. आधी कोपरे बघते. शेताकडेच्या खोलीत विंचू, पावसाळ्यात साप, हा काही कल्पनेचा भाग नाही. ओसरीवर रात्री कुणी बसून गेलं असेल तर काचा असतात. मुलं अनवाणी रांगणारी, लोळणारी, म्हणून हे आधी. मग झाडू, मग सतरंजी, मग पिण्याचं पाणी झाकून आणि संडासाच्या बादलीत पाणी. ही बादली भरलेली नसली तर अकराच्या सुमाराला काय होतं ते ज्यानं तीस पोरांचा वर्ग पाहिलाय त्याला सांगायला नको: एकाला लागते, पाणी नाही, ताई गोष्ट अर्धी सोडून उठते, आणि गोष्ट संपते. त्या दिवसापुरतं शिक्षण तिथंच थांबतं, ते केवळ बादलीमुळं.

मग ती निघते मुलं आणायला.

हे चारातलं सगळ्यांत कमी लेखलं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम. त्याचा इतिहास थोडा सांगावा असा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बाया स्वतःच पाड्यावर जाऊन, कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवून, त्यांना आंघोळ घालून, नखं कापून, तिथंच गाणी-गोष्टी करू लागल्या. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. म्हणजे 'मुलाला आणायला जाणं' हे या शिक्षणपद्धतीतलं हमालीचं काम नव्हतं, ती तिची पहिली कल्पनाच होती. सरकारी कागदावर येता येता ते सगळ्यांत खालच्या मानधनाच्या बाईकडे गेलं.

मावशी दारोदार जाते तेव्हा एकाच वेळी तीन कामं चाललेली असतात. हजेरी होते. आरोग्याची पहिली चौकशी होते: "रात्री ताप होता", "दोन दिवस जुलाब होत्यात", "कानातून पू येतोय". आणि घरची हवा कळते: आई खुरपणीला गेली, आजीच्या ताब्यात पोर आहे, बापाची पाळी कुरकुंभला रात्रीची आहे म्हणून घरात सगळे झोपलेत. हे सगळं अंगणवाडीत पोचल्यावर दोन वाक्यांत ताईच्या कानावर घालायचं. "सोन्याची आई माहेरी गेलीय, आज तो रडंल." एवढं आधी कळलं तर ताई सोन्याला पहिल्या रांगेत स्वतःजवळ बसवते. कळलं नाही तर दहा वाजता सोन्या का चावतोय हे कुणालाच समजत नाही.

रस्ता ओलांडणं हा इथला खास धडा. महामार्गानं गावाचे दोन भाग केले आहेत आणि त्यावरून उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर आणि एसटी सतत धावत असतात. पोरांची साखळी करायची, मोठं पोर वाहनांच्या बाजूला, सगळ्यांत धाकटं मावशीच्या हाताला, आणि ओलांडताना मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन. पलीकडे गेल्यावर पुन्हा मोजायचं. चार वर्षांच्या मुलाला 'मोजल्यावर संख्या तीच यायला हवी' हे रोज दोनदा अंगावर येऊन कळतं. गणिताच्या पुस्तकात याला काहीतरी भारदस्त नाव असेल. इथं ते जीव वाचवायचं साधन आहे.

एक गोष्ट मात्र मावशीनं करू नये आणि बऱ्याच जणी सवयीनं करतात. "चल, नाहीतर बाई मारतील." "चल, सुई टोचणारी आलीय." भीतीनं पोर चार दिवस लवकर येतं आणि पाचव्या दिवशी मावशी दिसली की पलंगाखाली जातं. त्याऐवजी काम देणाऱ्या मावश्या हुशार. "आज घंटी कोण वाजवणार?" म्हटलं की चप्पल उलटी घालून का होईना, पोर निघतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की या कामाचा घेर वाढतो. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या भोवताली नि फडांच्या कडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघंही पहाटे अंधारात फडात. कोपीत राहते सात-आठ वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ. अंगणवाडीच्या हिशेबात ही मुलं 'स्थलांतरित'. पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद नव्या गावी घेता येते, आणि ते काम सेविकेचं. पण नोंद घ्यायला मूल समोर यावं लागतं, आणि ते येतं मावशी कोपीपर्यंत चालत गेली तर. तिथं तिला दुसरीच अडचण भेटते: धाकट्याला आणायचं तर थोरली बहीण पण येते, आणि तिचं वय अंगणवाडीचं नसतं. तिला परत पाठवलं तर धाकटाही जातो. शहाणी मावशी तिला बसू देते, आणि मग जवळच्या शाळेतल्या गुरुजींना निरोप देते.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळंही बरीच आहेत आणि त्यांवर उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं कामाला असतात. त्यांची पोरं हिंदी किंवा भोजपुरी बोलत येतात. मावशीला काही ते येत नाही, पण स्वयंपाकघरात 'पाणी-पानी', 'भात-भात', 'मीठ-नमक' असं करत महिन्याभरात दोन्हीकडचं चालू लागतं. भाषा शिकवायची ही जागा मला वर्गापेक्षा बरी वाटते, कारण इथं शब्द चुकला तरी भात मिळतो.

जून महिना रडण्याचा. तीन वर्षांची मुलं पहिल्यांदा आईचा पदर सोडतात. दारात जे नाटक होतं त्यात मावशीची भूमिका ठरलेली असायला हवी. आईनं मुलाची नजर चुकवून पळून जायचं, ही आपल्याकडची रूढ युक्ती. त्यानं त्या दिवसाचा गोंधळ वाचतो आणि पुढचे पंधरा दिवस वाढतात, कारण पोर आता आईकडून नजरच काढत नाही. त्यापेक्षा आईनं सांगून जावं, "भात खाल्ला की मी येते," आणि भात झाल्यावर खरंच यावं. मावशीनं मुलाला दारापाशीच धरावं, आत ओढू नये, आणि त्याच्या हातात काहीतरी द्यावं: बस्करांचा गठ्ठा, शेंगांची टोपली, काही पण. हात गुंतले की हुंदके विरळ होतात. हे कुणा पुस्तकातलं नाही, कोणतीही पाच-सहा वर्षं काम केलेली मदतनीस सांगेल.

आता प्रत्यक्ष वर्ग. राज्याच्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' नावाचा बालशिक्षण अभ्यासक्रम आहे आणि अलीकडे केंद्राचा 'आधारशिला' आला आहे. दोन्हींत दिवसाचं वेळापत्रक असतं: प्रार्थना, गप्पा, गाणी-गोष्टी, मुक्त खेळ, बैठे काम, बाहेरचे खेळ. हे शिकवणं सेविकेकडे. तेव्हा मावशीनं काय करायचं?

पहिली गोष्ट, कुठं बसायचं. ताई गोष्ट सांगत असते तेव्हा मावशीनं तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसण्यात अर्थ नाही. तिची जागा मुलांच्या मागं, सतरंजीच्या कडेला. तिथून तिला ते दिसतं जे ताईला समोरून दिसत नाही. मागं कोण कुणाला चिमटे काढतंय, कोण पेंगतंय, कोण हाक मारल्यावर मान वळवत नाही. ही शेवटची बाब फार महत्त्वाची. ताईनं मोठ्यानं हाक मारली तर सगळीच मुलं वळतात, एकमेकांचं बघून वळतात. पण मागून हळूच नाव घेतलं आणि एकटीच वळली नाही, तर कदाचित तिला ऐकू कमी येतंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. डॉक्टर प्रत्येक मुलाला काही मिनिटंच बघतात. मावशी वर्षभर बघते. त्या दिवशी तिनं "या पोरीचे कान जरा नीट बघा" एवढं म्हटलं तर ती तपासणी खरी होते. निदान मात्र तिनं करायचं नाही, आणि गावात तर मुळीच बोलायचं नाही. 'अमक्याची पोरगी बहिरी' हे एकदा पाणवठ्यावर गेलं की ते पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. मुलाच्या हातून काम करून घ्यायचं, मुलाचं काम करून टाकायचं नाही. पाच वर्षांचा एकजण मणी ओवतोय, दोरा भोकात जात नाही, तो मावशीकडे बघतो. मायेनं तिचा हात लगेच पुढं होतो. माळ पूर्ण होते, पोर खूश, ताई खूश, आणि त्या मुलाच्या बोटांना काहीच मिळालेलं नसतं. मावशीनं फार तर दोऱ्याचं टोक ओलं करून पीळ द्यावा आणि म्हणावं, "आता घाल."

हे वाटतं तितकं क्षुल्लक नाही, कारण नेमक्या याच कारणानं इंग्लंडमध्ये एक मोठी योजना अडचणीत आली. तिथं शाळांमध्ये हजारो सहायक नेमले गेले. लंडनच्या पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी त्यांचा मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष बाहेर आला तेव्हा खळबळ उडाली: ज्या मुलांना सहायकांची मदत सर्वांत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी होती. सहायक वाईट होते असं नाही. झालं असं, की कच्च्या मुलांना सहायकाच्या हवाली करून शिक्षक मोकळे झाले, त्यामुळं ज्याला शिक्षकाची सर्वांत जास्त गरज त्याला शिक्षक सर्वांत कमी मिळाला. आणि सहायकाला वाटायचं, दिलेलं काम पुरं झालं पाहिजे. म्हणून तो उत्तर सांगून टाकायचा. मण्यांची माळच ती, फक्त विलायती.

आपल्याकडचा अनुभव याच्या शेजारी ठेवून बघावा. 'प्रथम' ही संस्था मुंबईत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिच्या स्थापनेतले. तिनं महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली, त्यांना थोडंसं प्रशिक्षण, महिन्याला काही शे रुपये. तिसरी-चौथीतली जी मुलं वाचन-गणितात मागं होती अशी पंधरा-वीस मुलं बालसखी रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि अगदी मुळापासून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची मोजणी केली. पुढं २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीकडं गेलेली मुलं स्पष्टपणे सुधारली. वर्गातच राहिलेल्या हुशार मुलांना वर्ग लहान झाल्याचा मात्र काही फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी होऊन काम भागत नव्हतं. बालसखीनं मुलाला येतं तिथून सुरुवात केली म्हणून फरक पडला.

मग मुलाला वेगळं बसवावं की बसवू नये? इंग्लंडचा दाखला एक सांगतो, मुंबईचा दुसरं. मला वाटतं दोन्हींतला फरक कामाच्या नेमकेपणात आहे. बालसखीला माहीत होतं की तिला अक्षरं आणि बेरीज शिकवायची आहे, आणि दोन तासांनी मूल परत शिक्षकाकडं जायचं आहे. इंग्लंडच्या सहायकाला फक्त 'याच्याजवळ बस' एवढंच सांगितलं होतं. अंगणवाडीतल्या मावशीलाही बहुतेक वेळा एवढंच सांगितलेलं असतं.

म्हणून चांगल्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एका खोलीत असताना ताई आणि मावशी आधीच बोलून ठेवतात. पुढच्या वर्षी पहिलीत जाणारी मुलं ताईकडे: आकार, उभ्या-आडव्या रेषा, चित्र बघून गोष्ट सांगणं. बाकीची मावशीकडे: माती, ठोकळे, चिंचोके. पण आठवड्यातून दोन-तीनदा अदलाबदल, म्हणजे धाकटेही ताईच्या वाट्याला येतात. आणि ताई कुठल्या मुलाशी काय चाललंय ते मावशीला एका ओळीत सांगते. "गौरीला आज फक्त रंग ओळखायला लाव." फक्त.

तमिळनाडूत एक प्रयोग झाला तोही याच दिशेचा. चार जिल्ह्यांतल्या ६४० अंगणवाड्यांपैकी निम्म्या अंगणवाड्यांत अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी दिली. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि कुपोषणही घटलं. शेवटचं आधी चमत्कारिक वाटतं. पण शिकवण्याचा भार हलका झाल्यावर मूळ कार्यकर्तीला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं.

आपल्या सेविकेचीही गत तीच. लसीकरण, वजन-उंची, गरोदर मातांच्या भेटी, घरपोच आहाराचं वाटप, मोबाइलमधल्या नोंदी, शिवाय वरून येईल ते सर्वेक्षण आणि दौंडला बैठक. बैठकीच्या दिवशी ती नसतेच. त्या दिवशी अंगणवाडी मावशी चालवते, एकटी, आणि ते कुठल्याच नोंदवहीत 'शिकवलं' म्हणून चढत नाही. निदान एका वहीत चार सोप्या गोष्टी आणि चार खेळ लिहून ठेवावेत, म्हणजे असा दिवस नुसत्या 'बसा रे'मध्ये जाणार नाही.

आता जेवण. सकाळी नाश्ता आणि मग गरम ताजा आहार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला यातून दिवसाला किती ऊर्जा आणि प्रथिनं मिळावीत याचा नियम आहे. खर्चाची मर्यादा २०१७ मध्ये माणशी रोज ८ रुपये ठरवली होती. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाक महिला बचत गटाकडे असतो, काही ठिकाणी मावशी स्वतः शिजवते. वाढणं मात्र सगळीकडे तिचंच. खिचडी, उसळ, लापशी. पानं मांडायला ती मुलांना लावते: प्रत्येकापुढं एक ताटली. रांगेत अकरा मुलं आणि ताटल्या नऊ, हे ज्या मुलाच्या ध्यानात येतं आणि जो "मावशी, दोन कमी" म्हणतो, त्याला वजाबाकी आली. कागदावर ती यायला अजून दोन वर्षं आहेत. हात धुताना गाणं म्हणायचं ते गाणं संपेपर्यंत साबण चोळत राहावं म्हणून. आणि कोण किती खातं ते मावशीला तोंडपाठ असतं. जो पोरगा रोज दोनदा मागतो आणि घरी जाताना खिशात घेऊन जातो, त्याच्या घरी चूल पेटली नसेल. जी अचानक खायची थांबली तिचं पुढच्या वजनात दिसेल. वजनाचा काटा हे महिन्यातून एकदा सांगतो. मावशी आठवडाभर आधी.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. शेंबडं नाक, ओली चड्डी, डोक्यातल्या उवा. हे करताना चारचौघांत मुलाला लाजवायचं नाही, एवढाच काय तो नियम. चड्डी बदलायला पडद्यामागं न्यायचं आणि धुतलेली गुपचूप आईच्या हातात द्यायची. मोठी झाल्यावर माणसं वर्गात शिकवलेलं विसरतात, हसलेले लोक विसरत नाहीत.

वर्षातून एक दिवस मात्र सगळं वेळापत्रक मोडतं. तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसमार्गे रोटी घाट चढून उंडवडीकडं जाते तेव्हा शिकवायला उभं राहणाऱ्या बाईला कुणी ऐकत नाही. पुढं आषाढीला अंगणवाडीतच विठ्ठल-रखुमाई सजतात. धोतराचे सोगे मावशी बांधते, आणि विठ्ठलाला मध्येच लागली की ते सोडतेही तीच.

आता पैशांचं, कारण काम समजलं की मोल बघावंच लागतं. मदतनीस कर्मचारी नाही, 'मानसेवी' आहे. तिला पगार नाही, मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२४ च्या वाढीनंतर राज्यात सेविकेचं मानधन १३,००० आणि मदतनिसाचं ७,५०० रुपये झालं, वर कामगिरीनुसार काही प्रोत्साहन भत्ता. त्याआधी डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत, सात आठवड्यांहून जास्त, राज्यभर संप चालला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला की सेविका आणि मदतनीस दोघींनाही १९७२ च्या उपदान कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. निकालात दोघींची नावं बरोबरीनं आली, हे मला विशेष वाटतं.

नेमणुकीची अट आता बारावी पास अशी आहे आणि बाई त्याच गावची रहिवासी असावी लागते. विधवांना वयाची सवलत मिळते. अनुभवी आणि पात्र मदतनिसाला सेविकेच्या रिकाम्या जागी बढतीही मिळू शकते. बारावीची अट आली तेव्हा अनेकांना ती खिचडी वाढणाऱ्या बाईसाठी जास्तीची वाटली. वर्गात मागं बसून कोण वळत नाही ते बघणाऱ्या बाईसाठी मात्र मला ती जास्तीची वाटत नाही. रहिवासाची अट तर फारच उपयोगाची. कुठल्या पोराचं घर कुठं, त्याची आजी कोण आणि तिला काय म्हणून हाक मारली की ती ऐकते, हे परगावची बाई वर्षात शिकणार नाही.

शेवटी सुटायची वेळ. इथला नियम साधा आणि कडक असावा लागतो: मूल फक्त ओळखीच्या, घरानं सांगितलेल्या माणसाच्याच हाती द्यायचं. "मी त्याचा मामा" म्हणणारा खरंच मामा असला तरी आईचा निरोप आला पाहिजे. त्यावरून वाईटपणा येतो, तो मावशीनं घ्यायचा. पुन्हा साखळी, पुन्हा महामार्ग, पुन्हा मोजणी. परत आली की एखादं पोर हमखास ओसरीवर राहिलेलं असतं, आईला फडातून यायला उशीर झालेला असतो. ती त्याला मांडीवर घेऊन बसत नाही, बसायला वेळ नसतो. भांडी घासताना त्याला शेजारी बसवते आणि वाट्या मोठ्या-लहान अशा लावायला सांगते. आई आली की ती दोघं जातात. मग उद्याच्या उसळीचे हरभरे भिजत घालायचे आणि कुलूप लावायचं.